पाचवी नाळ

मायक्रोस्कोपखाली हिरवा ठिपका उजळला आणि मेघालीने श्वास रोखला. एका पेशीत कॅल्शियम उसळलं, शेजारच्या पेशीला ते कळलं, तिच्याकडून पुढचीला. बघता बघता ताटलीभर हिरवी लाट पसरली आणि विझली. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशी असाच निरोप देतात. तो पोचला की वाहिनी सैल होते, रक्तदाब उतरतो. नव्या औषधाने हा निरोप सुधारतो का, एवढंच मेघालीला मोजायचं होतं. एवढ्यासाठी तीन महिने गेले होते.

तारापूर एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीत ती कंत्राटी तंत्रज्ञ होती. पालघरच्या एका प्रसूतिगृहातून बाळंतपणानंतरची नाळ यायची, तिच्या शिरेतून पेशी काढून ती वाढवायची. पहिल्या नाळेच्या पेशींना बुरशी लागली. दुसऱ्या-तिसऱ्या नाळेच्या पेशी शुक्रवारच्या वीजबंदीत गेल्या. जनरेटर आहे पण डिझेल नाही, हे तिला शनिवारी सकाळी कळलं. चौथी नाळ पोचायलाच तीन दिवस लागले. दर वेळी मुंबईहून प्रकल्पप्रमुख हर्षितसर फोनवर एकच विचारायचे, तुझ्याच हातून कसं होतं? मुरब्याहून रोज दोन गाड्या बदलून येणारी मेघाली त्यावर पुढच्या नाळेची तारीख विचारायची. घरी मात्र भांडी आपटून घासायची.

ही पाचवी. पेशी जगल्या होत्या. आता औषध घालून तीन मोजण्या झाल्या की सुटका.

तेवढ्यात फाटकावरून वॉचमनचा फोन आला. कुणीतरी माणूस नाळ मागतोय, असं तो हसत सांगत होता.

फाटकाबाहेर जिव्या उभा होता, विक्रमगडकडच्या पाड्यावरचा. त्याची बायको बुधी पालघरला बाळंत होऊन पाच दिवस झाले होते. मुलगी झाली होती. नाळ दारात कुठे पुरली, असं त्याच्या आईने विचारलं आणि घरात कुणालाच सांगता आलं नाही. प्रसूतिगृहातल्या सिस्टरने त्याला कंपनीचं नाव दिलं होतं.

मेघालीला आधी रागच आला. "तुमच्या बायकोचा अंगठा आहे कागदावर," ती म्हणाली.

"तिला लिवता येतं, बाय. बारावी झाली हाय. उजव्या हाताला सलाईन होती, म्हनून डावा अंगठा घेतला. कागद वाचाया दिलाच नाय."

पाचव्या नाळेसोबत आलेला तो कागद मेघालीनेच फाइलला लावला होता. अंगठा पाहून, बाई अडाणी असेल, असं धरून पान उलटलं होतं.

पेशी काढल्यावर उरलेली नाळ जैविक कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीतून जाळायला गेली होती. तिने ते सांगितलं. जिव्या फाटकाजवळ सरकला. मग म्हणाला, "कायच नाय उरलं?"

नाही म्हणणं सोपं होतं. थोडं उरलंय, असं म्हणून ती आत गेली आणि तिने हर्षितसरांना फोन लावला. बाटलीवर नाव नाही, नंबर आहे, अंगठा पुरतो, सोमवारी आकडे हवेत, असं त्यांनी सांगितलं. तिचं कंत्राट मार्चमध्ये संपतंय, हेही सांगितलं. मेघालीने संमतिपत्र काढलं. शेवटची ओळ होती, नकार केव्हाही देता येईल. ती तिनेच टाइप केली होती.

फाटकाशी परत येऊन जिव्याच्या फोनवरून ती बुधीशी बोलली. पेशी काय, औषध काय, सगळं सांगितलं. बुधीने मध्ये तोडलं नाही.

"जित्या हायेत त्या?" तिने विचारलं.

"हो."

"माझ्या, का पोरीच्या?"

"मुलीच्या."

"मग तिच्या दारात यायला पायजेत." बुधी म्हणाली. "विचारलं असतं तर दिल्या पन असत्या. विचारलं नाय कोनी."

आत ताटली तयार होती. तिन्ही मोजण्यांना अर्धा तास पुरला असता, आणि जिव्या तासभरही थांबला असता. मेघालीने औषधाची नळी उचलली. डिझेल नसण्यात तिचा दोष नव्हता, अंगठ्यातही नव्हता. निस्तरायचं मात्र दर वेळी तिनेच. नळी हातात कोमट होईतो ती बसून राहिली. मग नळी तिने जागेवर ठेवली, कॅमेरा बंद केला आणि सगळ्या पेशी खरवडून एका छोट्या बाटलीत घेतल्या. नोंदवहीत लिहिलं, आईचा नकार, पेशी परत दिल्या. खाली सही केली. पेनाचं टोक कागदात रुतलं.

बाटलीच्या तळाशी कणीएवढा पांढरट गाळ होता. जिव्याने तो उजेडात धरून पाहिला. आभार मानले नाहीत, आणि मेघालीला ते बरंच वाटलं.

"आडवी झाली तर चालंल?"

"उभीच धरा."

फाटकासमोर टमटम थांबली. ती आधीच गच्च भरली होती, तरी तो पाय ठेवून आत शिरला. खड्ड्यांतून गाडी हेलकावत निघाली. एका हाताने त्याने वरची दांडी धरली होती. दुसरा तळहात शर्टाच्या खिशावर होता, न दाबता, नुसता आडोसा केल्यासारखा.