चाळीस मीटर

कुणालाच उत्तर ठाऊक नसलेला प्रश्न विचारला, की आमच्या भात संशोधन केंद्राची इमारत एक मीटरने लांबते. ‘चहा घेणार का’ विचारून काही होत नाही. दिवसभरात तसा एकही प्रश्न आला नाही, तर ती दोन मीटर आखडते. मी इथला भांडारपाल. रोज सकाळी टेप लावतो आणि लांबी फळ्यावर लिहितो.

लांबताना भिंती घुमतात. एकादशीला आमच्या देवळात बुवा निरूपण थांबवून पद उचलतात आणि मृदंग घुमू लागतो, अगदी तसं. मी तिथे झांज धरतो, म्हणून सांगतो.

शेवटची खोली ताराबाई घरतांची. त्या लावणीला मजूर म्हणून आल्या होत्या. "खाजणाच्या खाऱ्या चिखलात गवत जगतं, मग भातच का मरतं, दादा?" इथून सुरुवात झाली. त्या विचारत गेल्या आणि खोली तयार होत गेली. अकरा वर्षं तिथे खाऱ्या पाण्यात भात वाढतंय.

मग पत्र आलं. नकाशात इमारत चाळीस मीटर आहे, जास्त भरली तर केंद्राला टाळं. यापुढे दर महिन्याला मोजणी, पहिली आठवड्याने. फळ्यावर त्या दिवशी चोपन्न होते, टेप दोनदा लावून.

संचालक डॉ. मुळगावकर म्हणाले, "सात दिवस कुणी काही विचारायचं नाही. फक्त सांगायचं."

सगळे एकमेकांना ठाऊक असलेलंच सांगू लागले. मातीवाले आणि कीडवाले सरकत सरकत एकाच टेबलाशी आले. तिथेही त्यांनी एकमेकांना हवामान सांगितलं.

सातव्या दिवशी भिंत ताराबाईंच्या रोपांच्या ट्रेंपर्यंत पोचली. पहिली रांग चेपली.

"उद्या दुसरी जाईल," त्या म्हणाल्या.

"तपासनिसाची सही होऊ द्या, बाई."

"सही झाली तरी भिंत थांबायची नाही, दादा."

त्याच संध्याकाळी तपासनीस टिपणीससाहेब टेपचं टोक धरून आत गेले. मी दारात चकती धरून उभा राहिलो. शेजारी डॉ. मुळगावकर होते.

"चाळीस. बरोबर," आतून आवाज आला. पेनचं टोपण उघडलं.

"साहेब," ताराबाई म्हणाल्या, "ही रोपं खिडकी सोडून भिंतीकडे वाकलीत."

डॉक्टर माझ्या कानाशी आले. "गप्प कर तिला. हाक मार."

मी तोंड उघडलं, पण हाक मारली नाही. बुवा पद उचलत असताना मध्ये बोलत नाहीत, एवढं मला कळतं.

"का वाकली असतील, साहेब?"

भिंती घुमल्या. टेप माझ्या हातातून एक मीटर सरकली.

मग टिपणीससाहेबांचा आवाज आला, अगदी हळू. "मुळं कुठे निघालीत यांची?"

टेप पुन्हा सरकली. मातीवाल्यांनी काहीतरी विचारलं, कीडवाल्यांनी त्यावर विचारलं. मग आवाज इतके लांब गेले, की नुसता मृदंग ऐकू येत राहिला. डॉक्टरांनी चपला काढल्या.

टेप पन्नास मीटरची आहे. तिचं शेवटचं टोक चकतीतून सुटून माझ्या बोटांत आलं. मी ते घट्ट धरलं आणि मागोमाग चालू लागलो.