हाताखालची उशी

सभागृहात टाळ्यांचा नुसता कडकडाट. बस ड्रायव्हरचा रक्तदाब एकशे सत्तरवरून एकशे पन्नासवर आला होता. चमचाभर पावडरीनं, पाच मिनिटांत!

“दुधातल्या प्रथिनांचे बारीक तुकडे, पेप्टाइड!” स्टेजवर पावडरवाला गरजत होता. “रक्तात शिरले की नसा लोण्यासारख्या मऊ! रक्तदाबाच्या गोळ्या टाका या डब्यात!”

लोक रांगेनं टाकतही होते.

मागे दारात त्याची ताई उभी होती, धंद्यानं शिंपीण. घरचा माणूस कशाला फसवेल, म्हणून तिनं नवऱ्याच्या गोळ्या बंद करून हीच पावडर दिली होती. तीन आठवडे. आज सकाळी नवऱ्याचं तोंड वाकडं झालं, उजवा हात लुळा पडला. दवाखान्यात मुलीला त्याच्या खाटेपाशी बसवून ती थेट इथं आली होती.

“पण भावानं मोजला तेव्हा उतरला होता,” ती दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना म्हणाली होती.

“मोजताना हात कुठे होता? लोंबता ठेवला की आकडा चढतो, छातीच्या वर उचलला की उतरतो.”

तेव्हा तिला भावानं मोजताना हाताखाली ठेवायला शिवून घेतलेली उशी आठवली. “ताई, चांगली वीत-दीड वीत उंच शिव. लोकांना आराम पडला पाहिजे.” तिनं कापूस ठासून शिवली होती. पैसेही घेतले नव्हते.

ती तरातरा स्टेजवर चढली.

“ड्रायव्हरदादा, परत बसा. पावडर नको. हात खाली सोडा.” यंत्राचं बटण तिनंच दाबलं. एकशे बहात्तर. मग हात उशीवर ठेवला. एकशे एकावन्न.

रांगेतले लोक आकडा बघायला पुढे सरकले.

“ताई,” भाऊ दातांत पुटपुटला, “घरचं घरी बोलू ना.”

“घरी कोण आहे? तुझे भावोजी दवाखान्यात पडलेत. आणि तुझ्या खिशात काय आहे, दाखव की!”

त्याचा हात आपसूक खिशावर गेला. ड्रायव्हरनं तो बाजूला करून पाकीट ओढलं. रक्तदाबाच्याच गोळ्या. निम्म्या संपलेल्या.

ताईनं डबा स्टेजवर उपडा केला.

“आपापल्या गोळ्या उचला. पेप्टाइड काही थोतांड नाही, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अभ्यास चाललाय. उतरलाच दाब तर थोडासा उतरतो, तोही आठवड्यांनी. पण गोळी बंद करायची ती डॉक्टरला विचारून, टाळ्या ऐकून नाही. आणि कुणी मोजत असेल तर हात कुठे आहे ते बघा. मोजणारा घरचा असला, तर दोनदा बघा. मी एकदाही बघितलं नाही.”

उशी तिनं काखेत मारली. टाके तिचेच होते.