बशीतलं फूल

निवृत्तीला अठरा दिवस उरले होते आणि या अठरा दिवसांत नवं काहीही करायचं नाही, असं ब्रशकाकांनी ठरवलं होतं. वनस्पती संग्रहालयात चौतीस वर्षं वाळक्या फांद्यांची चित्रं काढून त्यांची मान कायमची झुकली होती. त्यामुळे वरिष्ठांना ते फार नम्र वाटत.

अशात सर्वेवाली आली. कुठल्या जागेवर कुठलं दुर्मिळ झाड आहे याचे अहवाल लिहीत ही बाई रानोमाळ हिंडायची. तिने मोबाइलवरचा फोटो काकांच्या नाकासमोर धरला.

फोटोत जमिनीवरची आमरी होती. झाडांच्या खांद्यावर बसून मिरवणारं ऑर्किड नव्हे, हे मातीत संसार करणारं. एकच पान, बशीएवढं गोल, जमिनीला असं चिकटलेलं की जणू त्यावर कोणी बसून गेलंय. मधून वीतभर दांडा, त्यावर हिरवट पांढरी फुलं, प्रत्येक फुलामागे दोऱ्यासारखी लांब नळी. मातीखाली दोन गाठी असतात, हे काकांना पाठच होतं: एक यंदाची, सुरकुतलेली, दुसरी पुढच्या वर्षाची, गुबगुबीत. अलीकडे त्यांना सुरकुतलेलीबद्दल आपुलकी वाटे.

"टेकडीवर चाळीस आहेत," ती म्हणाली. "पण काका, पुस्तकातल्या तुमच्या चित्रात ओठ वर आहे. यांचा खाली."

ओठ म्हणजे फुलाची तीन फाट्यांची मोठी पाकळी. ती चित्राशी जुळेना, म्हणून सर्वेवालीने तीन वर्षं अहवालात 'आढळली नाही' असं लिहिलं होतं. उद्या दुपारी शेवटचा अहवाल जायचा होता. त्यातही तेच गेलं, तर टेकडी सपाट होऊन तिथे गाड्या उभ्या राहणार होत्या.

काकांना आठवलं. नको तेव्हा सगळं आठवतं. वाळकं फूल गरम पाण्यात मऊ करायचं, बशीत उलगडायचं, मग काढायचं, ही त्यांची रीत. बशीत फुलाला वर-खाली नसतं. काकांनी ओठ वर ठेवला, कारण कागदावर खाली नाव लिहायला जागा हवी होती. अठ्ठावीस वर्षांत कोणी विचारलं नव्हतं.

संग्रहालयाच्या साहेबांनी पुस्तकातल्या त्याच पानावर 'तपासले' म्हणून सही केलेली होती. त्यांनी चित्र पाहिलं, फोटो पाहिला आणि फुलंच चुकीची उगवली असावीत, अशी शंका काढली. मग म्हणाले, नवी जात असेल, समिती नेमू, दोन वर्षांत निकाल लागेल. तोवर टेकडी राहील का, हा प्रश्न समितीच्या कक्षेत बसत नव्हता. जाता जाता स्वतःच्या पायावर धोंडा का पाडून घेता, असंही त्यांनी प्रेमाने विचारलं.

काकांना वाद घालायचा कंटाळा होता. तोच कामी आला. ते सरळ सर्वेवालीमागून टेकडी चढले, वाटेत दोनदा बसले. या फुलाला भेटायचं तर पालथं पडावं लागतं. ते पडले. फुलामागच्या देठाला पीळ होता. कळीत ओठ वरच होता. उमलताना फूल अर्धी गिरकी घेऊन तो खाली आणत होतं.

"म्हणजे मी अर्धा बरोबर होतो," काका म्हणाले.

"उठा काका."

उठता येत नव्हतं, म्हणून चित्र पालथं पडूनच काढलं. खाली लिहिलं, 'माझ्या जुन्या चित्रात ओठ उलटा आहे. चूक माझी.' सही केली, तारीख घातली. मग सर्वेवालीने त्यांना दोन हप्त्यांत उभं केलं.

ते चित्र जोडून 'आढळली' असा अहवाल वेळेत गेला. निरोप समारंभातली भाषणं रद्द झाली. काकांना त्याचं फार दुःख झालं असं कोणी म्हणत नाही. टेकडीला तारेचं कुंपण पडलं, फाटकावर चित्राची पाटी लागली. पाटीसाठी साहेबांनी पुस्तकातलं चित्र दिलं होतं, तेच जुनं, ओठ वर असलेलं. सर्वेवालीने फोन करून हे सांगितलं आणि विचारलं, आता काय करू.

काका पाय गरम पाण्यात सोडून बसले होते.

"पाटी उलटी लाव," ते म्हणाले आणि फोन ठेवला.