डावीकडे लाल

क्लाइव्ह पारगेटरचे गुडघे त्याच्याआधीच रिटायर झाले होते. वेन्सबरीच्या चढावरचं त्याचं दुरुस्तीचं दुकान ईस्टरनंतर कायमचं बंद व्हायचं होतं, तशी चिठ्ठीही त्याने काचेला चिकटवली होती. पण चिठ्ठी वाचेल ते गिऱ्हाईक कसलं! उलट 'आता बंदच होतंय' म्हणून अर्ध्या गावाने माळ्यावरचं भंगार उतरवून त्याच्या दारात आणून टाकलं होतं. कामाला नाही म्हणायचंसुद्धा त्याच्या जिवावर येई. नाही म्हटलं की कारण सांगावं लागतं, आणि बोलायचा तर त्याला कामाहून जास्त कंटाळा.

मंगळवारी सकाळी हिंग्ली नवराबायको आले. नेव्हिल हिंग्ली पंच्याहत्तरीचा, शिडशिडीत, विलनहॉलला कुलपांच्या कारखान्यात उभा जन्म किल्ल्या घासलेला. त्याची बायको जॉइस त्याच्या निम्म्या उंचीची आणि दुप्पट आवाजाची. दोघांनी ढकलगाडीवरून एक भलंमोठं काळं खोकं आत आणलं. गिटारवाल्यांचं, चार स्पीकरांचं, जुनं. वरच्या बाजूला पांढरे डाग होते.

"पोपटाची शी आहे ती," जॉइस म्हणाली. "तीस वर्षं पिंजरा होता ह्याच्यावर. चार पोपट मेले, पण हे खोकं काही मरत नाही. आता आम्ही लेकीकडे एका खोलीत राहायला जाणार. मी सांगितलं, एक तर हे खोकं येईल, नाहीतर मी."

"मग?"

"मग काय, दोन दिवस विचार करत बसला मेला!"

नेव्हिल हसला नाही. "एवढंच बघून सांगा," तो क्लाइव्हला म्हणाला, "हे अस्सल आहे की नकली. एकोणसत्तर साली नवं घेतलं होतं, ओव्हरटाइम करकरून. पण मी वाजवलेलं हॉलमध्ये पोचायचंच नाही हो. शेजारी उभा राहिलो की मला सगळं ऐकू यायचं, शेवटच्या खुर्चीपर्यंत मात्र काही म्हणता काही नाही. आमच्या बँडचा मॅनेजर होता, रे नावाचा. तो म्हणायचा, खोकं उत्तम आहे, तुझ्याच हातात दम नाही. सहा महिन्यांत काढलं मला. मी गिटार विकून टाकली. हे कुणी घेईना."

"रेडिओवर गिटार लागली ना, की हा उठून बागेत जातो," जॉइस म्हणाली. "पंचावन्न वर्षं. लग्नाच्या पार्टीतसुद्धा गेला होता."

"अस्सल निघालं तर?" क्लाइव्हने विचारलं.

"तर रे खरं बोलत होता. तेवढं कळलं की टाकून देईन."

दुपारी क्लाइव्हने खोकं पालथं पाडलं आणि मागच्या फळीचे स्क्रू काढले. ओळखायला दहा मिनिटंही लागली नाहीत. कोपऱ्यात बोटांत बोटं गुंफावीत तसे लाकडाचे सांधे, पुढचं विणलेलं कापड, स्पीकरच्या लोखंडावर उठवलेले आकडे, जून एकोणसत्तर. कुणी हात लावलेला नाही. अस्सल म्हणजे एकदम अस्सल. चला, सुटलो, असं म्हणत त्याने फळी उलटी करून भिंतीला टेकवली, आणि आतल्या बाजूला पेन्सिलने काढलेला एक छोटा मासा त्याला दिसला.

क्लाइव्ह खाली स्टुलावर बसला.

मासा त्याचाच होता. कालव्याकाठच्या त्या कारखान्यात, जिथे तो सतराव्या वर्षी लागला, अशी रीतच होती. तारा जोडणाऱ्याने फळीच्या आत आपली खूण काढायची, म्हणजे खोकं परत आलं तर कुणाच्या नावाने बोंब मारायची ते फोरमनला कळावं. कुणी बूट काढी, कुणी पाईप. शनिवारी क्लाइव्ह गळ टाकून कालव्यावर बसायचा, म्हणून मासा.

पुढचं न बघताही त्याला ठाऊक होतं. पहिल्या दिवशी त्याला शिकवलं होतं, डावीकडे लाल, उजवीकडे काळी. त्याने ते देवाचं नाव घ्यावं तसं पाठ केलं. पण तार कमी लागावी म्हणून खालचे दोन स्पीकर उलटे बसवायचे, डोकं खाली पाय वर. मग त्यांची डावी ती उजवी होते, एवढं साधं त्याला कुणी सांगितलं नाही. त्यानेही विचारलं नाही. सतरा वर्षांचं पोरगं कशाला विचारतंय! तिसऱ्या आठवड्यात फोरमन अल्बर्ट राउंडने सहज बॅटरी लावून बघितली. वरच्या दोन स्पीकरांचे कागदी पडदे पुढे आले, खालच्या दोघांचे मागे गेले. दोघांनी फुंकायचं आणि दोघांनी ते गिळायचं, असा प्रकार; जवळ उभ्याला ऐकू येतं, लांब जाईतो आवाज विरून जातो. अल्बर्टने आधी त्याच्या कानाखाली दिली, मग विचारलं, "किती गेले?"

"चाळीसेक."

अल्बर्टने शांतपणे सिगारेट पेटवली. "गेले ते गेले. तोंड शिवून ठेव, नाहीतर आपण दोघंही रस्त्यावर."

क्लाइव्हने तोंड शिवलं ते शिवलंच. कारखाना बुडाला, अल्बर्टला पुरलं, तरी टाका उसवला नाही.

त्याने नऊ व्होल्टची बॅटरी आणून लावली. वरचे पुढे, खालचे मागे. पंचावन्न वर्षांत काडीचा फरक नाही.

त्याला फार थकल्यासारखं झालं. अर्ध्या तासाचं काम आहे, तो स्वतःशी म्हणाला, नव्या तारा घालायच्या, नीट जोडायच्या, लाकूड मुरलं म्हणून आवाज सुधारला म्हणायचं. म्हातारा खूश, आपण मोकळे. कोण विचारतंय? त्याने तसंच केलं. चारही पडदे एकदम पुढे आले तेव्हा त्याला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

गुरुवारी दुपारी दोघं आले. "काय निघालं?" नेव्हिलने कोटही न काढता विचारलं.

"अस्सल आहे."

नेव्हिलने मान हलवली. कुणी वारल्याची बातमी आधीच माहीत असावी तशी. "म्हणजे रे खरा होता तर," तो म्हणाला.

"वाजवून तर बघा," क्लाइव्ह घाईघाईने म्हणाला, खोकं दुकानातल्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडलं आणि एक गिटार त्याच्या हातात कोंबली.

नेव्हिलची बोटं वाकडी झाली होती. तरी त्याने एक झंकार मारला. मांडणीवरचे चहाचे मग थरथरले, जॉइसने छातीवर हात ठेवला. तळापासून भरून आलेला, जाड, उबदार आवाज होता तो. नेव्हिलने आणखी दोनदा तारा छेडल्या आणि थांबला.

"अगंबाई, म्हातारपणी हात आला की काय तुला!" जॉइस म्हणाली.

"हात कुठला येतोय. हात तर गेले," नेव्हिल म्हणाला. मग तो क्लाइव्हकडे वळला. "खोकं तेच, अस्सल. हात तेव्हापेक्षा वाईट. हे असं तेव्हा का नाही वाजलं?"

लाकूड मुरलं, एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द. क्लाइव्हने ते म्हटले नाहीत. त्याने फळी काढली, मासा दाखवला आणि सगळं सांगून टाकलं.

नेव्हिलने गिटार हळूच खाली ठेवली.

"चाळीस?" नेव्हिलने विचारलं.

"चाळीसेक."

"परत उलटं कर."

"काय?"

"होतं तसं कर. तू केलं होतंस तसं." मघापर्यंतचं 'तुम्ही' गेलं होतं.

क्लाइव्हने डाख द्यायची सळई तापवली, खालच्या दोघांच्या तारा उलट्या केल्या, फळी चार स्क्रूंवर टेकवली. नेव्हिल दार उघडून बाहेर गेला, रस्ता ओलांडून समोरच्या चिप्सच्या दुकानापाशी उभा राहिला आणि त्याने हात वर केला. क्लाइव्हने गिटार घेतली आणि तेच झंकार पुन्हा मारले. पलीकडे म्हाताऱ्याने कानामागे पंजा धरला. तसाच उभा राहिला. एक बस मध्ये येऊन गेली, तरी उभाच.

तो परत आला. "नीट वाजवलंस ना?"

"जीव तोडून वाजवलं."

"डास गुणगुणल्यागत आलं," नेव्हिल म्हणाला. "तेवढंच. रे असाच लांब उभा असायचा, हॉलच्या मागे. त्याला हेच ऐकू यायचं." आणि स्टुलावर बसून तो रडायला लागला, चेहरा न झाकता. जॉइस त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"नेव्हिल, मला माफ—" क्लाइव्हने सुरुवात केली.

"ते नको. तुझी माफी घेऊन मी काय तिची गिटार करू? पेन्सिल आहे का?"

क्लाइव्हने कानावरची पेन्सिल काढली.

"त्या माशाखाली लिही. झालं ते सगळं."

क्लाइव्हने गुडघे मोडून फळीपुढे बैठक मारली आणि लिहिलं. जून १९६९. खालचे दोन स्पीकर मी उलटे जोडले. वाजवणाऱ्याचा दोष नव्हता. खाली पूर्ण नाव. नेव्हिलने चष्मा लावून ते दोनदा वाचलं. क्लाइव्ह फळी उचलून जागेवर लावायला गेला, तर त्याने ती हातातून काढून घेतली.

"खोकं राहू दे तुझ्याकडेच. आम्हाला एवढी पुरे."

"लेकीकडे पलंगामागे मावेल," जॉइस म्हणाली आणि तिने दार धरलं. नेव्हिल फळी काखेत मारून चढ उतरायला लागला.

ते दिसेनासे झाल्यावर क्लाइव्हने पुन्हा सळई तापवली. खालच्या दोघांच्या तारा सुलट केल्या, बॅटरी लावली, चारही पडदे पुढे आले. आणखी एकोणचाळीस कुठेतरी होते. खोकं मागून उघडंच राहिलं, कारण लावायला फळी नव्हती.