लांबलेलं प्रास्ताविक

आत्याला तो चित्रपट अजिबात आवडला नव्हता, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर तुम्ही म्हणाल, आवडत्या चित्रपटासाठी कुणीही भांडेल, त्यात काय मोठं!

माझी आत्या, रिम्मा अर्काद्येव्ना, चित्रपट समीक्षक आहे. देशभरातल्या समीक्षकांची आणि अभ्यासकांची एक संघटना आहे, तिला आमच्या घरात नुसतं गिल्ड म्हणतात. आमच्या पेत्रोझावोद्स्क शहरातली गिल्ड म्हणजे आत्या आणि फक्त मूकपटांवर बोलणारे एक आजोबा. दर हिवाळ्यात गिल्ड इथे नव्या दिग्दर्शकांचे चित्रपट दाखवते. आधी समीक्षकाचं प्रास्ताविक, मग चित्रपट, मग भांडण. निम्मे लोक भांडणासाठीच येतात.

यंदा सावेलीचा चित्रपट होता. सावेली इथलाच, ओनेगा सरोवरातल्या एका बेटावरचा. बेटावरची शाळा बंद होते, आणि बाई आणि मुलं गोठलेल्या सरोवरावरून शाळेची बाकं ओढत पलीकडच्या गावी नेतात. एवढीच गोष्ट, आणि सगळी खरी. आत्याने तो चित्रपट लॅपटॉपवर पुन्हा पुन्हा पाहिला. मी शेजारी बसून बटाट्याच्या कालित्की, म्हणजे आमच्याकडच्या राईच्या पिठाच्या कचोऱ्या, हाणत होते. मग आत्याने परीक्षणात लिहिलं, ‘दिग्दर्शकाचा पाय बर्फातून निघतच नाही. ते बर्फाचं दृश्य कात्री लावून निम्मं करत नाहीत तोवर हा चित्रपट कुणालाच दाखवू नये.’ तेव्हापासून सावेली तिला रस्त्यात बघून पलीकडच्या बाजूला जायचा.

खेळाच्या दिवशी आम्ही दोघी पोचलो, तर थिएटरच्या दारावर सांस्कृतिक खात्याचा कागद. खेळ रद्द. कारण, तज्ज्ञांचं मत. आणि खाली ठळक अक्षरांत: ‘हा चित्रपट कुणालाच दाखवू नये. – रिम्मा अर्काद्येव्ना, गिल्डच्या सभासद.’

आत्याचे कान लाल झाले. थंडीने नव्हे.

“उस्त्या, हे माझं वाक्य आहे?”

“अर्धं आहे.”

“माझ्या कात्रीने माझाच गळा कापला की गं मेल्यांनी!”

तेवढ्यात मॉस्कोहून गिल्डच्या सचिवांचा फोन. ते इतके मोठ्याने बोलतात की मलाही सगळं ऐकू आलं. “रिम्मा, गप्प राहा. लिहून तूच बसलीस. तमाशा केलास तर पुढच्या वर्षी हॉल मिळायचा नाही, आणि तुझ्या सभासदत्वाचंही मला बघावं लागेल.”

“बघा ना. चष्मा लावून नीट बघा,” आत्या म्हणाली आणि तिने फोन पर्समध्ये टाकला.

लोक जमले होते. बुटांवरचा बर्फ झटकत दारापाशी कुजबुजत होते. सावेलीही आला होता. तो सरळ आत्यासमोर येऊन उभा राहिला. “झालं मनासारखं?”

“नाही झालं,” आत्या म्हणाली. “तुझा चित्रपट वाईट आहे हे मी लोकांना पटवून देणार होते. लोकांनी पाहिलाच नाही तर पटवू कुणाला, भिंतीला?” मग ती थिएटरच्या संचालिकेकडे वळली. “कापितोलीना साव्विच्ना, चित्रपट रद्द आहे. प्रास्ताविक रद्द आहे असं कुठे लिहिलंय का?”

कापितोलीना साव्विच्नांनी कागद पुन्हा वाचला. मागची बाजूसुद्धा पाहिली. “नाही बाई, तसं काही नाही.”

“मग उघडा दार.”

प्रास्ताविक नावाची गोष्ट कुणी ऐकत असेल, असं खात्यात कुणाच्या डोक्यातच आलं नसणार! लोक त्या वेळी खुर्च्या शोधतात, चॉकलेटं सोलतात. त्या दिवशी मात्र एकही कागद वाजला नाही.

आत्या पांढऱ्या पडद्यासमोर उभी राहिली. “पहिलं दृश्य,” ती म्हणाली. “पहाट. शाळेच्या खिडकीवर आतून वाफ. एक बोट त्या वाफेवर बेरीज लिहितं.”

आणि तिने अख्खा चित्रपट सांगायला घेतला! कोण कुठून आत येतं, कॅमेरा कुठे आहे, बाईंच्या हातमोज्याला कुठे भोक आहे, सगळं. फक्त सवय जाईना. “इथे दृश्य तुटायला हवं होतं, तुटत नाही, ही चूक...”

“रिम्मा अर्काद्येव्ना, शेरे नंतर!” मागून कुणीतरी ओरडलं. “आधी दाखवा!”

हॉल हसला, आत्याही हसली. तेवढ्यात खात्याचे फोमा इल्यिच कोट न काढताच आत आले. “चित्रपट दाखवायला बंदी आहे!”

“दाखवतंय कोण?” आत्याने पडद्याकडे हात केला. “बघा की, कोराच आहे. मी प्रास्ताविक करतेय.”

“इतकं लांब?”

“माझं लांबतंच. गिल्डमध्ये कुणालाही विचारा.”

फोमा इल्यिच तरातरा बाहेर गेले. पुढच्याच क्षणी माइक गेला, मग दिवेही गेले. उरली फक्त बाहेर जायच्या दारावरची हिरवी पाटी. आत्याचा आवाज सिगारेटींनी कधीच खाल्लाय. तिसऱ्या रांगेपलीकडे तो पोचेना. लोक चुळबुळायला लागले. कुणीतरी उठलंसुद्धा.

वर्गात फळ्यापाशी बोलावलं तरी माझी जीभ टाळ्याला चिकटते. म्हणजे चिकटायची! मी खुर्चीवर चढले आणि आत्याचं वाक्य घशाच्या तळापासून ओरडले. “मुलं बाक दारातून बाहेर काढतात! बाक अडकतं!” आत्या बोलायची, मी ओरडायचे. मग तिला खोकल्याची उबळ आली, आणि मी न थांबता पुढे गेले. मला सगळं पाठ होतं की! बेटाचा किनारा, ढकलगाडी, बाईंचा लाल रुमाल. “आणि ते अतिशय करुण, हृदयद्रावक...”

“विशेषणं नकोत!” अंधारातून आत्या खेकसली. “काय दिसतं ते सांग!”

“बाक दिसतं,” मी म्हणाले. “बर्फावर उलटं पडलेलं. खालच्या बाजूला चिकटवलेलं च्युइंगम दिसतं.”

कुणीतरी नाक ओढलं. खरंच, विशेषणं नकोच होती.

मग बर्फाचं ते दृश्य आलं. तेच, ज्याच्यावर आत्याने कात्री परजली होती. त्यात माणूस नाही, शब्द नाही, नुसतं सरोवर आणि लांबवर सरकणारे ठिपके. मी आत्याकडे वळले. “हे कसं सांगू?”

“सांगू नकोस,” ती म्हणाली. “जेवढं आहे तेवढं गप्प राहा.”

मी गप्प राहिले. अख्खा हॉल त्या हिरवट अंधारात कोऱ्या पडद्याकडे बघत बसला. फोमा इल्यिच दारात उभे होते, पण बंद काय करणार? आवाजच नव्हता. मला बर्फ दिसला, शप्पथ! आधी कंटाळा आला, मग पाय गार पडले, मग वाटलं, ते ठिपके आता पोचावेत. कुणीही उठलं नाही.

“पोचले,” शेवटी सावेली म्हणाला. तो त्याच्या जागेवरून उठून उभा राहिला होता. आणि पुढचं त्याने सांगितलं.

नंतर खालच्या कोट ठेवायच्या खोलीत कापितोलीना साव्विच्नांनी चहा केला आणि आमचं नेहमीचं भांडण रंगलं. सावेली आत्याजवळ आला. त्याचे डोळे चमकत होते. “मग? बर्फाचं काय म्हणता आता?”

“लांबच आहे,” आत्या म्हणाली. “निम्मं कर.”

“नाही करणार!”

“नको करूस. मी पुन्हा लिहीन.”

पर्समध्ये फोन वाजत होता, मॉस्कोचाच असणार. आत्याने पर्स माझ्या हातात दिली आणि चहाचा कप उचलला. “उस्त्या, तू घे. सांग, रिम्मा अर्काद्येव्नांचं प्रास्ताविक अजून संपलेलं नाही.”

मी घेतला. आणि जीभ कुठ्ठे म्हणून चिकटली नाही!