न घडलेल्या काळाचं वय

लेसरचा खड्डा नेमका भेगेवरच पडला होता. पडद्यावर तो काळा, नीट गोल, आणि त्याच्या मधोमध केसाएवढी ती रेघ — कस्तुरी डोळे बारीक करून पुन्हा पुन्हा पाहत राहिली, जणू पाहून पाहून ती रेघ बाजूला सरकणार होती. अर्धा खड्डा कणाच्या शाबूत गाभ्यात, अर्धा चुरा झालेल्या कडेत. चंद्रावरून उडून पृथ्वीवर पडलेल्या दगडातला हा झिर्कॉनचा कण. त्यातल्या युरेनियमचं शिसं किती झालं ते मोजून त्याचं वय काढायचं, एवढंच तिचं काम. पण कधीतरी तिथे उल्का आदळली, कण तडकला, भेगांमधून शिसं निसटलं आणि घड्याळ... पूर्ण पुसलं गेलं असतं तरी चाललं असतं, निदान आघाताचं वय हाती लागलं असतं. इथे अर्धवटच पुसलं होतं. गाभा जन्माचं वय सांगत होता, कडा आघाताचं, आणि दोन्हींवर एकदम बसलेल्या खड्ड्याने मधलाच आकडा दिला होता — चार पूर्णांक एक अब्ज वर्षं. इतका देखणा, की कस्तुरी महिनाभर त्याच्या प्रेमात होती. त्या कणाच्या आयुष्यात त्या वेळी काहीही घडलं नव्हतं.

"दिस वन कॅनॉट, लाह," यंत्र चालवणारी हुई मिन मागून इथल्या स्थानिक इंग्रजीत म्हणाली. "थ्रो."

कस्तुरीने आकडा काढून टाकला. एक बटण दाबलं, संपलं. घरीही असंच असतं तर...

सकाळी पुण्याहून निशिकांतचा, धाकट्या भावाचा, फोन आला होता. उद्या आईचं वर्षश्राद्ध. तो तिकडे गुरुजींसमोर बसणार, आणि बाबांना इकडून व्हिडिओ कॉलवर बसवायचं. "ताई, आज त्यांना सांगून टाक गं. उद्या एकदम हार घातलेला फोटो समोर आला तर?" सांगून टाक म्हणे! सांगायचं तिने आणि दर्भ हातात घेऊन बसायचं ह्याने. तिला भावाचा मनस्वी राग आला, आणि त्याचं म्हणणं बरोबर आहे याचा त्याहून जास्त.

बाबा स्वतः चितेसमोर उभे होते. पुढे त्यांच्या मेंदूत रक्तस्राव झाला. वाचा परत आली, चालणंही आलं, मधुमतीचं, म्हणजे आईचं, जाणं तेवढं आठवणीत परत आलं नाही. मग कस्तुरीने त्यांना काही दिवसांसाठी इकडे परदेशात, आपल्याकडे आणलं. क्वीन्सटाउनचा हा फ्लॅट, घरून काम करणारा जावई, चंद्राचे दगड मोजणारी लेक, सगळं त्यांना पक्कं ठाऊक... आणि मधुमती आत भाजी निवडतेय, हेही तितकंच पक्कं. असा काळ कधी नव्हताच! आई होती तेव्हा पीएचडी झालेली कस्तुरी घरात बसून होती, आणि हॉस्पिटलच्या खाटेवरूनही आई विचारायची — तुझं पुढे काय गं? नोकरीचं पत्र आलं ते तेराव्यानंतर. त्या पत्राला तिने शिव्या घातल्या होत्या. बाबांच्या डोक्यातले दोन्ही तुकडे खरे होते, फक्त त्यांचं एकत्र येणं खोटं.

घरी जाताना एमआरटीच्या गाडीत तिने वाक्य घोळवून पाहिलं. बाबा, आई गेली. बाबा, आई गेल्या वर्षीच गेली, तुम्ही होतात तिथे... प्रत्येक वेळी बाबांचा चेहरा समोर येई आणि वाक्य अर्ध्यातच तुटे. तिला भीती वाटत होती, सरळ सरळ भीती. की ते आज पहिल्यांदाच विधुर होतील आणि ते तिच्या तोंडून होतील.

सुबोधने, तिच्या नवऱ्याने, दार उघडलं. "सांगणार आहेस ना?" तो हळूच म्हणाला. "मी थांबू?"

"थांब."

बाबा खिडकीपाशी बसले होते. ती समोर जाऊन उभी राहिली.

"बाबा, उद्या निशीकडे—"

"ते राहू दे, आधी हे ऐक." त्यांचा चेहरा कधी नव्हे इतका उजळला होता. "दुपारी मधुमती म्हणत होती, कस्तुरीची काळजी मिटली एकदाची. रात्री झोप लागते म्हणाली आता."

सुबोध तिच्याकडे पाहत होता. सगळी वाक्यं तयार होती. एकही तिला नको होतं. तिला फक्त अजून ऐकायचं होतं, हावरटासारखं, हे सगळं खोटं आहे हे नीट माहीत असून.

"आणि?" ती बाबांच्या पायाशी बसली. "आणखी काय म्हणाली आई?"