नऊशे बासष्ट तास

मित्रांनो, मी एक जुने इंजिन आहे. कारखान्याच्या दर्शनी दालनात, जिन्याच्या शेजारी, तुम्ही मला पाहिले असेल. शाळेची सहल आली की तुम्ही माझ्याभोवती कोंडाळे करता, उघड्या पोटात बोटे घालता आणि "अय्या, आत एवढं सगळं असतं?" असे म्हणता. मला उभे कापलेले आहे. कापलेल्या कडा लाल, निळ्या, पिवळ्या रंगवल्या आहेत, म्हणजे तुम्हाला गंमत वाटावी. खाली पाटी आहे, 'छोट्या पिकअपसाठी बनवलेले डिझेल इंजिन'. बनवलेले, एवढेच. बसवलेले नव्हे. मी आयुष्यात एकदाही रस्ता पाहिला नाही.

माझे चित्र काढले ते एका मॅडमनी. चार वर्षे त्या माझ्यावर खपल्या. कारखान्याला एक नवी छोटी पिकअप काढायची होती. पुढे दोन माणसे, मागे हौदा, आणि अरुंद गल्लीतही एका दमात वळेल असे बेताचे अंग. दारे-खिडक्या, पाण्याच्या टाक्या, कुणाचे घर बदलायचे सामान, असले ओझे वाहणाऱ्यांची गाडी. तिच्यात बसायला आम्ही तिघे इच्छुक होतो. एक मी, एक छोटे पेट्रोल इंजिन आणि एक बॅटरीवरची मोटर. पेट्रोल इंजिन दिसायला चटपटीत, पण ओझे पाहिले की त्याची पाचावर धारण बसायची. मोटरची चाचणी शेजारच्या खोलीत चालायची. ना धूर, ना आवाज, फक्त तिची बॅटरी अवाढव्य. आणि मी? खोटे कशाला बोलू, मी धूर सोडतो. तो धूर गाळायला माझ्याच आकाराचे एक धूड माझ्या शेपटीला बांधावे लागते. पण ओझे ओढण्यात माझा हात कुणी धरला नसता.

सगळ्यांना मोटरच हवी होती. मॅडमनी भांडून भांडून माझ्यासाठी एक संधी मिळवली. तिघांतून एक निवडायच्या मोठ्या बैठकीआधी मी एक हजार तास चाललो, तर माझा विचार होणार होता. अट एकच. मध्ये मला उघडायचे नाही. उघडले की मोजणी पुन्हा शून्यापासून.

मग मला एका खोलीत आणून लोखंडी चौथऱ्यावर घट्ट आवळले. माझा फिरता दांडा समोरच्या एका यंत्राला जोडला. ते यंत्र माझ्यावर खोटे ओझे टाकायचे. खोटा घाट, खोटी गर्दी, खोटा चिखल. मी एका जागी उभा राहून घाटामागून घाट चढलो आणि समोर कायम तीच पांढरी भिंत. तरीही मी खूश होतो. आज भिंत आहे, उद्या रस्ता असेल, असे मला वाटायचे.

त्या खोलीत दिवसपाळीला एक तंत्रज्ञ असायचा. सगळे त्याला कानसेन म्हणत. त्याच्याकडे लाकडाचा हातभर दांडा होता. दांड्याचे एक टोक माझ्या अंगावर, दुसरे कानावर, डोळे मिटलेले. जिवाचा कान करून तो माझे ऐकायचा. तीस वर्षांत त्याचा कान कधी चुकला नव्हता. मला त्याने तळहातावरच्या फोडासारखे जपले. पुसताना माझ्याशी बोलायचासुद्धा. "काय राव, आज जरा गरम झालात?" त्याचा धाकटा भाऊ जुन्या पिकअपवर दारे पोचवायचा. तो रोज जेवणाच्या सुट्टीत फोन करून विचारायचा, "दादा, तुझं इंजिन कधी येतंय बाजारात? माझी गाडी आता हात टेकायला लागलीय." कानसेन म्हणायचा, "थांब रे जरा. घाई केलीस तर पस्तावशील."

नऊशे बासष्टावा तास होता. बैठक दोन दिवसांवर आली होती. कानसेनने दांडा लावला आणि त्याचा चेहरा उतरला. त्याने जागा बदलून ऐकले, पुन्हा ऐकले. मग मॅडमना आणि विभागाच्या साहेबांना बोलावले.

"टिक असा आवाज येतोय. बारीक आहे. खालच्या बेअरिंगकडून," तो म्हणाला.

साहेब उखडले. "अहो, आकडे बघा ना! तापमान ठीक, तेलाचा दाब ठीक. कसला आवाज घेऊन बसलात? अडतीस तास राहिलेत. चालू द्या तसंच."

मॅडमनी त्याच्याकडे पाहिले. "काका, नक्की?"

"नक्की असतं तर उघडायची गरजच काय होती, मॅडम? पण ऐकू येतंय. माझा भाऊ असली गाडी भरून चढावर जातो. मध्येच इंजिन बसलं की गाडी मागे येते. मागे कोण उभं असेल, ते आपल्याला माहीत नसतं."

मॅडमना कळत होते की चार वर्षे पणाला लागली आहेत. त्यांनी चष्मा काढला, उगाचच पुसला. मग म्हणाल्या, "बंद करा."

कानसेनने लाल बटण दाबले. मी थांबलो.

मला तिथेच सुटे केले. एकेक भाग टेबलावर मांडला. मॅडमनी बेअरिंग तीनदा मोजले. ते अगदी कोरे होते. पिस्टन कोरे, दांडा कोरा, कुठे ओरखडासुद्धा नाही. दुपार झाली तरी कुणी जेवायला हलले नाही. मग समोरच्या यंत्राच्या बाजूला काम करणाऱ्या फिटरने फिरत्या दांड्यावरचे पत्र्याचे झाकण काढायला घेतले, तेव्हा त्याचा एक बोल्ट नुसत्या बोटांनी फिरला. त्याने झाकणावर टिचकी मारली. टिक.

तो आवाज माझा नव्हताच. त्या खोलीचा होता, चौथऱ्यातून माझ्या अंगात शिरला होता. कानसेनने तीस वर्षे इंजिनांच्या पोटातले ऐकले होते. दुखले असेल तर इंजिनालाच दुखले असेल, असे त्याला वाटले. बिचाऱ्याने आजूबाजूला ऐकलेच नाही. त्याला कुणी एका शब्दाने बोलले नाही. बोलले असते तर त्याला जरा बरे वाटले असते.

मॅडम नऊशे बासष्टचा आकडा घेऊन बैठकीला गेल्या आणि अर्ध्या तासात परत आल्या. "संपलं, काका," एवढेच म्हणाल्या. पुढे त्यांनी त्याला कितीदा तरी समजावले की हजार भरले असते तरी मोटरच घेतली असती. कदाचित ते खरे असेल. त्याला पटले नाही, आणि खरे सांगायचे तर मलाही पटले नाही.

मोटर जिंकली. पण तिची बॅटरी मावेना, म्हणून गाडी लांबवली, मग रुंदावली. कानसेनच्या भावाने तिचे चित्र पाहिले आणि कपाळाला हात लावला. "दादा, हे धूड माझ्या गल्लीत वळायचं कसं?" त्याने आपली जुनीच गाडी पुन्हा दुरुस्तीला टाकली. ज्या छोट्या पिकअपसाठी आम्ही तिघे झगडलो, ती छोटी राहिलीच नाही.

मला जोडून, कापून दालनात ठेवायचे ठरले. कापायचे काम कानसेनने मागून घेतले. दुसऱ्याच्या हातात त्याला मला द्यायचे नव्हते. करवत एकेका थरातून गेली आणि प्रत्येक थरात त्याला तेच दिसत गेले. शेवटी करवत खाली ठेवून तो ओल्या डोळ्यांनी म्हणाला, "याला काही झालं नव्हतं हो. याला काहीच झालं नव्हतं." हजार काय, मी तीन हजार तास चाललो असतो.

त्यानंतर त्याची फार टिंगल झाली. "कानसेन, या चहात काही खडखडतंय का बघ!" तोही हसायचा. मग त्याने दालनातले काम मागून घेतले. आता तो माझ्यावरची धूळ पुसतो, पण बोलत नाही.

गेल्या आठवड्यात ती नवी पिकअप दालनात आणली. हळूहळू, माझ्या अगदी जवळून गेली. मागच्या डाव्या चाकापाशी एक बारीक करकर होती. कानसेनचा फडक्याचा हात थबकला. पूर्वी ऐकताना करायचा तशी त्याने मान तिरकी केली. एक पाऊल पुढेही टाकले. मागून चालत आलेल्या मॅडमनी ते पाहिले.

"काका, काही ऐकू आलं का?"

त्याने टाकलेले पाऊल मागे घेतले. मग म्हणाला, "नाही, मॅडम. काही नाही." आणि मला पुसू लागला. मॅडम गाडीमागून पुढे गेल्या. आता त्या गाड्या विक्रीला निघाल्या आहेत.

मित्रांनो, तो आवाज खरा होता. मी इंजिन आहे, मला कळते. पण मला तोंड नाही, आणि ज्याला आहे त्याने ते मिटून घेतले. तुम्ही सायकलीला तेल घाला, गाड्या जपा, ते सगळे चांगलेच आहे. पण ज्याची एक शंका खोटी ठरली, त्या माणसाला हसू नका. पुढच्या वेळी सहलीला आलात की जिन्याजवळ फडके घेऊन उभ्या असलेल्या काकांना तुम्हीही विचारा, काही ऐकू आलं का म्हणून. ते नाही म्हणतील. तरी विचारा.